आधी कोण ठेवणार

लाइनबाईंनी आयुष्यात कधी कुणाचा फोन आधी ठेवला नाही. ऐकायला हे कौतुकाचं वाटतं, पण ज्यांना त्यांच्या घरात राहावं लागलं त्यांना विचारा. राँग नंबर आला तरी त्या "बरं, ठेवा आता" असं सांगून पलीकडचा ठेवीपर्यंत रिसीव्हर कानाला लावून उभ्या राहत. एकदा एक राँग नंबर निघाला तोही अतिसभ्य. "आधी तुम्ही ठेवा", "छे छे, आधी तुम्ही" असं दोघांचं इतका वेळ चाललं, की गॅसवरचं दूध उतू गेलं आणि त्या अनोळखी माणसाला बाईंच्या नवऱ्याची बढती अडल्याचंही कळलं.

लाइनबाई हे त्यांचं नाव नव्हे. रंगाच्या एका कारखान्यात त्या टेलिफोनच्या बोर्डावर बसत. लग्नाआधी बसल्या त्या निवृत्तीलाच उठल्या. बोर्ड म्हणजे कपाटासारखा उभा लाकडी खोका. त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकाशी इवलासा दिवा, आणि पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या. दिवा लागला की एक दोरी तिथे खुपसायची, कोण हवंय ते विचारायचं, आणि जोडीची दुसरी दोरी त्या माणसाच्या भोकात खुपसायची. कारखान्यात आज कुठला रंग निघतोय हे कामगारांच्या कानांमागे बघून कुणालाही कळे. त्या कामगारांच्या घरी काय चाललंय ते मात्र फक्त लाइनबाईंना, नुसत्या 'हॅलो'वरून कळे. त्याबद्दल त्यांनी बाहेर कधी ब्र काढला नाही.

त्यांच्या कानाला तिथे मान होता. लाइन तुटली की त्या ऐकून सांगत, समोरच्याने ठेवलाय की खोट आपल्याच बाजूला आहे. समोरच्याने ठेवला तर खट् होऊन टूं-टूं सुरू होतं. आपल्याकडेच काही अडलं असेल तर काहीच येत नाही, नुसती मुकी शांतता. मॅनेजर हे प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने सांगत, जणू तो कान त्यांनीच ऑर्डर देऊन बसवून घेतला होता.

हे सगळं शिकवलं ताईने. ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमधली ऑपरेटर. पुढे ती बदली होऊन दुसऱ्या गावी गेली. कारखान्यातल्या मुलाखतीआधी तिने धाकटीला आपल्या एक्स्चेंजमध्ये नेलं. कारखान्याला परदेशातून फोन येत, आणि धाकटीचं इंग्रजी शाळेच्या पुस्तकात होतं तेवढंच. त्या पुस्तकातली मुलं बागेत जात, फुलं बघत आणि घरी परत येत. फोनवरचं इंग्रजी निराळंच निघालं. सगळी बारकी बारकी क्रियापदं, आणि प्रत्येकाला एकेक शेपूट. शेपूट बदललं की जनावरच बदलतं. 'हँग ऑन' म्हणजे म्हणे थांबा, आणि 'हँग अप' म्हणजे संपलं.

"हँग म्हणजे फाशी ना गं?" धाकटीने घाबरून विचारलं.

"फाशी कशाला? टांगणं. शर्ट टांगतो तसं."

"मग फोनवर काय टांगायचं?"

ताईने तिला जिन्याखालच्या अडगळीत नेलं. तिथे भिंतीवर एक म्हातारा लाकडी फोन होता. पेटीच्या बाजूला पितळी हुक, आणि हुकाला काळा रिसीव्हर लोंबत होता. ताईने रिसीव्हर उचलला तसा हुक टुणकन वर आला.

"बघ. हुक वर आला की आत तार जुळते. बोलणं झालं की हे लोढणं परत वर टांगायचं. वजनाने हुक खाली, तार सुटली, लाइन बंद. म्हणून त्यांचं बोलणं संपवणं म्हणजे हँग अप. वर टांगणं."

"पण आता फोन टेबलावर असतात. आता कोण टांगतंय?"

"कुणी नाही. फोन भिंतीवरून उतरला, शब्द राहिला तिथेच."

"आणि आपण 'ठेवतो' का म्हणतो?"

"आपल्यापर्यंत फोन आला तो बहुतेक टेबलावरच आला असेल. मला आपलं असं वाटतं, खरं-खोटं कुणाला ठाऊक." मग ताईचा आवाज एकदम कामावरचा झाला. "आता नीट ऐक. 'हँग अप'ला पुढे 'ऑन' लावून माणसाचं नाव घेतलं, म्हणजे तो बोलत असताना त्याच्या तोंडावर टांगणं. आपल्या कामात याहून मोठं पाप नाही. ऑपरेटरने आधी टांगायचं नाही, कधीच नाही. आणि लाइन मध्येच तुटली, तर ज्याच्याकडून तुटली त्याने परत लावायची. समजलं?"

धाकटीला समजलं. फार समजलं, असं पुढे घरातले म्हणत.

कारखान्याने जुने फोन मोडीत काढले तेव्हा रंगाच्या गोदामातला असाच एक भिंतीवरचा फोन लाइनबाईंनी मागून घरी आणला. एका ओळखीच्या लाइनमनला चहा पाजून त्यावर तबकडी बसवली आणि रिसीव्हरला इतकी लांब वायर लावून घेतली, की बोलत बोलत थेट स्वयंपाकघरात जाता यावं. फोन लागला बाहेरच्या दाराशी, चपलांच्या वर. घरी आलेल्या प्रत्येकाला त्या हुकाची करामत दाखवत. पाहुणे "वा, वा" म्हणत आणि चहाची वाट बघत.

नवरा विजेचे मीटर वाचायच्या नोकरीत होता, म्हणून आपणही त्यांना मीटरवाले म्हणू. दिवसभर दुसऱ्यांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपायचे, संध्याकाळी टॉर्चची पिशवी खांद्याला लावून घरी यायचं. माणूस शांत. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. लग्न झालं त्याच आठवड्यात लाइनबाईंनी त्यांना सांगितलं, "ती धुळकट पिशवी खुर्चीवर ठेवायची नाही." त्यांनी ती पुन्हा कधी खुर्चीवर ठेवली नाही. कुठे ठेवली, हे लाइनबाईंनी कधी विचारलं नाही.

घरच्या फोनचं एक दुखणं होतं. अधूनमधून, विशेषतः संध्याकाळी, बोलता बोलता लाइन मरायची. लाइनबाईंनी तक्रारींवर तक्रारी केल्या. माणसं आली, खांबावर चढली, गल्लीतली पेटी उघडून बसली आणि दोष नाही असं सांगून गेली. लाइनबाई म्हणत, "आजकालच्या पोरांना काम येत नाही." मीटरवाले चपला काढता काढता मान डोलवत. त्यांचंही आपल्या खात्याबद्दल तेच मत होतं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण लाइनबाईंची आई गेली त्या संध्याकाळी नणंदेचा फोन आला होता. आई ताईकडे राहायची, बरेच दिवस अंथरुणावर होती. नणंदेला सांगायचं असं काही नव्हतं, आणि ते तिने सविस्तर सांगितलं. घरातलं कोण कुठे निजतं, कुणाचे दात दुखतात, शेजारणीने पडदे कसले लावले. लाइनबाईंची चूल थंड पडली, पाय दुखले, पण आधी ठेवायचं कसं? तिकडे ताई नंबर फिरवत होती आणि तिला एंगेज टोन मिळत होता. शेवटी तो नणंदेनेच ठेवला. त्यानंतर फोन लागला तो ताईच्या नवऱ्याचा, म्हणजे भाऊजींचा. तोवर आई गेली होती.

दिवसकार्य आटोपून सगळे आपापल्या घरी गेले. काही दिवसांनी एका संध्याकाळी लाइनबाईंनी स्वतः ताईला फोन लावला. रिसीव्हर घेऊन त्या स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि विचारायला नको ते विचारलं.

"ताई, तू मला आधी का नाही कळवलंस?"

"आधी? किती वेळ लावत होते मी! सारखी एंगेज! कुणाशी बोलत होतीस गं एवढं?"

दोघी बोलायच्या थांबेनात. शब्दाने शब्द वाढला, लहानपणीची फ्रॉकची भांडणंसुद्धा निघाली. मग ताईचा आवाज चिरकला. ती म्हणाली, "तुला ठाऊक आहे का, आई शेवटी काय म्हणाली? आई म्हणाली की..."

आणि पुढे काहीच आलं नाही.

लाइनबाई वाट बघत राहिल्या. त्यांना वाटलं, ताई रडतेय. तेव्हा त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, खिडकीच्या गजांना धरून म्हटलं, "चुकलं माझं, ताई. फोन मलाच ठेवता आला नाही. सांग ना, काय म्हणाली आई?" उत्तर नाही. बऱ्याच वेळाने कानात टोन सुरू झाला.

ताईने टांगला. जिने पाप म्हणजे काय ते शिकवलं, तिने आईचा शेवटचा शब्द अर्ध्यावर तोडून, आपण चूक कबूल करत असताना, तोंडावर टांगला. लाइनबाईंनी रिसीव्हर हुकाला अडकवला आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. ज्याच्याकडून तुटली त्याने परत लावायची, हा नियम होता. त्या थांबल्या. तिकडे ताईही थांबली, कारण तिच्या मते लाइन धाकटीकडून तुटली होती. असे दोन्हीकडे सुंभ जळून गेले, पीळ तेवढा राहिला आणि वर्षामागून वर्षं गेली.

राग होताच, पण तो जुना होऊन मऊ पडला. जे मऊ पडेना ते दुसरंच होतं. भाकरी थापताना, आरशासमोर वेणी घालताना, मनात ते वाक्य सुरू होई, आई म्हणाली की, आणि तिथेच थांबे. काय म्हणाली असेल? शिव्या दिल्या असतील? हाक मारली असेल? लाइनबाईंनी सगळं बोलून बघितलं आणि काहीच आईच्या आवाजात बसलं नाही.

साडू मात्र एकमेकांशी बोलत. बायकांचं भांडण झालं म्हणून साडवांनी भांडायचं असा काही कायदा नाही. निवृत्त झाल्यावर दोघांच्या खिशात मोबाइल आले, आणि मीटरवाले भाजी आणायला गेले की मंडईबाहेरच्या बाकावर बसून भाऊजींशी गुडघ्यांविषयी बोलत. एक दिवस ते घरी आले आणि चपलाही न काढता म्हणाले, "ताईंचे कान गेले."

"गेले म्हणजे?"

"म्हणजे चाललेत. एक गेलाच. दुसऱ्यात थोडं येतं. समोर बसून ओरडलं तर कळतं. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावूनही फोनवरचं आता फार दिवस कळायचं नाही."

पुढचे कित्येक दिवस लाइनबाई येता-जाता फोनकडे बघत. लावायचा होता हो, मनापासून लावायचा होता. पण हात तबकडीपर्यंत जाई आणि नियम आडवा येई. आपल्याकडून तुटलीच नाही, तर आपण काय म्हणून लावायची? आणि लावली नाही, तर ते वाक्य पुरं करणारं जगात दुसरं कोण आहे?

मग एका संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून गॅसच्या दुकानाला फोनवर झापत होत्या. सिलिंडर गळका दिला होता. दुकानदार "बाई, ऐका तरी" म्हणाला आणि त्याच्या पुढे शांतता. खट् नाही, टूं-टूं नाही. लाइनबाईंचा कान टवकारला. ही शांतता समोरच्याची नव्हे. ही आपल्या बाजूची. त्या रिसीव्हर कानाला तसाच धरून, वायर हाताने गोळा करत, दारापर्यंत आल्या.

फोनच्या पितळी हुकावर भाजीची पिशवी टांगली होती. हुक पार खाली बसला होता. पिशवीतून मुळ्याची पानं बाहेर डोकावत होती. मीटरवाले मोरीत पाय धूत होते.

"अहो!"

"आलो, आलो."

"ही पिशवी इथे कुणी टांगली?"

"मी."

"फोनवर?"

"हुकावर," मीटरवाले पाय पुसत म्हणाले. "खुर्चीवर ठेवायची नाही म्हणालीस ना."

"कधीपासून टांगताय?"

"पहिल्यापासून. हुक रिकामा असला तर हुकाला, नाहीतर दाराच्या कडीला. पाय धुऊन आलो की काढतो ना लगेच."

"मी बोलत असताना टांगता?"

मीटरवाल्यांनी जरा विचार केला. "तू बोलत नसलीस तर तिथे रिसीव्हर असतो," ते म्हणाले. "मग कुठे टांगणार?"

खांबांवर चढलेली ती सगळी पोरं लाइनबाईंच्या डोळ्यांपुढून उतरून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा इथे चक्क मुळ्यांचा निघाला. पण त्यांना हसू आलं नाही.

"मी ताईशी भांडले त्या दिवशीसुद्धा?"

"कुठल्या?"

"आईचं बोलत होते... तुम्हाला काय आठवणार म्हणा."

"'चुकलं माझं' म्हणालीस तो दिवस? आठवतो की. पिशवी टांगून मोरीत गेलो होतो. ते ऐकून तसाच ओल्या पायांनी बाहेर आलो. म्हटलं, घरात दुसरं कोण आलंय?"

लाइनबाई तिथेच चपलांशेजारी खाली बसल्या. आधी शांतता आली होती. टोन नंतर आला होता, पिशवी काढल्यावर. सगळ्या कारखान्याच्या लाइनी कानाने ओळखणाऱ्या बाईला त्या दिवशी स्वतःच्या घरची शांतता ओळखता आली नाही, कारण तिला राग आला होता आणि रागाला ताईच हवी होती. ताईने नव्हता टांगला. इकडूनच टांगला गेला, ताईच्या तोंडावर, आईच्या वाक्यावर. एवढी वर्षं ताईने काय समजून काढली असतील? लाइनबाईंना रडू फुटलं.

मीटरवाल्यांनी घाईघाईने पिशवी हुकावरून काढली. हुक टुणकन वर आला आणि बाईंच्या मांडीवरच्या रिसीव्हरमध्ये टोन सुरू झाला.

ज्याच्याकडून तुटली त्याने परत लावायची. त्या उठल्या आणि नंबर फिरवला. बोटांना तो पाठ होता.

"हॅलो," पलीकडे भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, मी."

"थांबा हं. ठेवू नका."

"मी कधी ठेवलाय?" लाइनबाई रडत रडत म्हणाल्या.

पलीकडे खुर्ची सरकली, काहीतरी पडलं, भाऊजी कुणाच्या तरी कानाशी ओरडले, आणि मग तो आवाज आला. "कोण आहे?"

"ताई, मी टांगला नव्हता! यांनी पिशवी टांगली होती!"

"काय टांगलं?"

"पिशवी!" भाऊजी तिकडे ओरडले. "पिशवी म्हणतेय!"

"कसली पिशवी?"

"टॉर्चची!" मीटरवाले मागून म्हणाले. ते तिकडे कुणालाच ऐकू गेलं नाही.

"हुकावर पिशवी टांगली होती गं! लाइन माझ्याकडून तुटली! चुकलं माझं!" लाइनबाई सगळा जीव एकवटून ओरडल्या. वरच्या मजल्यावरचा मिक्सर बंद झाला. समोरचं दार उघडून शेजारीण बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. जे एकदा खिडकीच्या गजांना धरून हळूच म्हटलं होतं, ते आता सगळ्या इमारतीने ऐकलं. "चुकलं माझं, ताई! आई काय म्हणाली होती?"

"चुकलं म्हणतेय!" भाऊजी एकेक वाक्य पुढे पोचवत होते, बोर्डावर बसल्यासारखे. "आई काय म्हणाली, विचारतेय!"

ताई गप्प झाली. लाइनबाईंनी कान लावला. या वेळी मात्र त्यांनी नीट ऐकलं. ही शांतता मुकी नव्हती. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, नाक ओढत होतं.

मग ताई बोलू लागली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, गरजेपेक्षा मोठ्याने आणि एका सुरात.

"तुझा फोन लागत नव्हता. मी एक्स्चेंजमधल्या मुलींना सांगून तुझी लाइन मध्येच तोडायला लावणार होते. तातडीचं म्हणून. आईने माझा हात धरला. म्हणाली, 'नको. बोलू दे तिला. कुणाची लाइन तोडू नये.' हेच सांगत होते मी त्या दिवशी. सांगितलं आता."

हे मात्र आईच्या आवाजात बसलं. पहिल्या फटक्यात बसलं. लाइनबाई म्हणाल्या, "उद्या पहिल्या गाडीने येते."

"काय? नाही कळलं. आता शब्द कानात पोचेपर्यंत फुटतात गं, धाकटे. आवाज तेवढा येतो. तुझा आहे, एवढं कळतं." ताई थांबली. मग तिचा आवाज एकदम कामावरचा झाला, तरुण, ताठ, ट्रंक एक्स्चेंजचा. "प्लीज," ती म्हणाली, "डोन्ट हँग अप."

लाइनबाई रिसीव्हर कानाला लावून भिंतीशी टेकून उभ्या राहिल्या. पलीकडे ताईही तशीच असणार. दोघी काही बोलत नव्हत्या, आणि दोघींपैकी आधी कुणीच ठेवणार नव्हतं. दिवे लागले. शेजारीण दार लोटून आत गेली. मीटरवाले मुळ्यांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून कधीचे मध्येच उभे होते. खुर्ची रिकामी होती, कडीही रिकामी होती, पण ती कुठेही ठेवायचा त्यांना धीर होत नव्हता.